सतरा नंबरची बाटली

लोक म्हणतात, विषाची परीक्षा कशाला घ्यायची? आमच्या प्रयोगशाळेत ती घेण्याचाच पगार मिळतो. मी तिथलं काचसामान धुते. तोंडाची फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते. विंचवांचं विष काढणारा माणूस एकच, म्हणून त्याला सगळे विंचूभाऊ म्हणतात. चिमट्यानं विंचू धरायचा, शेपटीला बारीकसा करंट द्यायचा, नांगीतून सुटलेलं टिपूस नळीत घ्यायचं. वीस वर्षं हेच. लग्न नाही, मित्र नाहीत. घरी थोरली बहीण, तिनंच याला लहानाचा मोठा केला.

त्या बहिणीला लिव्हरचा कॅन्सर झाला. आणि आमच्या मॅडमचं संशोधन नेमकं तेच. विंचवाच्या विषानं लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी मरतात का, हे बघायचं. याला वाटलं, झालंच औषध! मॅडमनी तिथंच थांबवलं. "बाटलीतल्या पेशी मारणं वेगळं, माणूस वाचवणं वेगळं. जमलंच तरी दहा-बारा वर्षं लागतील." बिचारा एवढंसं तोंड करून बसला.

बहीण मात्र खमकी. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना म्हणाली, "गाठीचा एक तुकडा तुझ्या मॅडमना दे. ते विंचू फुकटचं खातात, लाव त्यांना कामाला."

बर्फाच्या डब्यातून तुकडा यानंच आणला. दीड महिन्यात बहीण गेली. तिच्या पेशी मात्र सतरा नंबरच्या बाटलीत तगल्या, वाढायलाही लागल्या.

तेव्हापासून हा रोज सकाळी पेशी ठेवायच्या उबदार कपाटापुढं उभा. काचेतून बघायचा, काहीतरी पुटपुटायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा यायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, घराचं कुलूप मीच लावतो, मीच काढतो. दार वाजलं तर 'कोण आहे?' म्हणणारं आत कोणी नाही."

मग त्या बाटलीत विष घालून बघायचं ठरलं. विष काढायचं यानंच. आणि याचं रोज नवीन कारण. आज विंचू मलूल आहेत, आज नांग्या कोरड्याच आहेत. मी एकदा दारातून पाहिलं तर महाराजांनी करंटचं बटणच दाबलं नव्हतं! माझं डोकं फिरलं.

"अहो, ती तुमची ताई नव्हे! ताईला खाल्लं ती कीड आहे. तिला काय सांभाळत बसलात?"

"कळतं मला," तो म्हणाला. "पण तिचं म्हणून जिवंत एवढंच उरलंय ना, बाई."

त्याच्यावर ओरडल्याची मला लाज वाटली.

"पण सही तिनं केली होती," तोच थोड्या वेळानं म्हणाला आणि बटण दाबलं. त्या दिवशी चाळीस विंचवांचं विष काढलं, एक थेंब वाया घालवला नाही.

तीन दिवसांनी मॅडम सूक्ष्मदर्शकावरून ओरडल्या, "मेल्या! सगळ्या मेल्या!"

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "आलो, आलो!" आणि हा हातातला चिमटा तसाच घेऊन धावत आला.

सगळे खो खो हसले. मीही हसले, देव मला क्षमा करो. तो दारात थांबला, आमच्या तोंडांकडे बघत. मग म्हणाला, "ताई मला अशीच हाक मारायची. मेल्या ऊठ, मेल्या जेवलास का. मला वाटलं..."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

दुपारी जंतुनाशक घातलेली ती बाटली धुवायला माझ्याकडे आली. मागोमाग तोही आला. "आज मी धुतो," म्हणाला. मी बाजूला झाले. बाटली दोन्ही हातांत धरून तो नळापाशी थांबला.

"पाणी गरम घेऊ की गार?"

"कोमट घ्या," मी म्हटलं.