किल्लीच्या भोकातली माती

जानेवारीतल्या एका सकाळी मेट्रननी कुंपणापलीकडून मला हाक मारली, तीही हजेरीपटावरच्या पूर्ण नावाने.

"तमांदा चिकापा! शिवणाचं मशीन थांबव आणि इकडे ये."

मी पन्नाशी ओलांडलीय, मला दोन नातवंडं आहेत, पण त्या आवाजाने माझे पाय अजून आपोआप उठतात. डोंगराखालच्या मुलींच्या वसतिगृहात मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. त्या तिथे सव्वीस वर्षं मेट्रन होत्या. रविवारी बाहेर गेलेली मुलगी खरंच चर्चला गेली की आणखी कुठे, हे त्या तिच्या चपलेच्या तळव्यावरून सांगत. कोणी कोणाचा साबण लावला ते वासावरून ओळखत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं, प्रत्येक दाराला जुन्या धाटणीचं, मोठ्या भोकाचं कुलूप बसवलं आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. गावात सगळे त्यांना अबिती जाफाली म्हणतात, जाफालींची लेक, मानाने. माझ्या तोंडात मात्र मेट्रनच बसलंय.

त्या कोठीच्या दारापुढे उभ्या होत्या. "किल्ली घाल."

मी घातली. नखाएवढीसुद्धा आत गेली नाही. वाकून पाहिलं तर भोक लाल मातीने बुजलेलं, वरून अंगठा फिरवावा तसं गुळगुळीत. मी केसातला आकडा काढून कोरायला लागले. माती भुसभुशीत होऊन पडली आणि तिच्यामागून पाचसहा बारके कोळी माझ्या तळहातावर आले. मेलेले नव्हते, एकाचा पाय हळूच हलत होता.

मेट्रन दोन पावलं मागे सरल्या. "कोळी! मातीत कोळी कालवून दुसऱ्याच्या दारात कोण भरतं, तुला ठाऊक आहे ना? करणी करणारा!"

"कुंभारीण असेल, मेट्रन. ती माशी नाही का, मातीचं घर करते, पिल्लांसाठी आत कोळी भरून ठेवते."

"कुंभारीण मला नको शिकवू. मोरीमागच्या भिंतीवर तिची वीस घरं आहेत. ती भिंतीवर घर करते. किल्लीच्या भोकात माती भरतो तो माणूस." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्या भाजीच्या वाफ्यातली मातीही लालच आहे."

"अहो, आख्ख्या गावाची माती लाल आहे!"

"मी फक्त बोलले," मेट्रन म्हणाल्या. वसतिगृहात त्या "मी फक्त बोलले" म्हणाल्या की आम्हा मुलींची झोप उडायची.

तीन दिवसांनी मागच्या दाराचं भोक बुजलं. मग पुन्हा कोठीचं. मेट्रननी उंबऱ्यावर मक्याचं पीठ भुरभुरलं आणि सकाळी त्यात पावलं शोधली. कोंबडीची सापडली. मग त्यांनी पाच बश्या मांडल्या. एकीत माझ्या वाफ्याची माती, एकीत सिलुंबूंच्या केळीखालची, एकीत रस्त्याची, एकीत भाडेकरणीच्या उंबऱ्याची आणि शेवटी स्वतःच्या अंगणातल्या नळाखालची. प्रत्येकीत पाण्याचे दोन थेंब टाकून, बोटावर घेऊन कुलपातल्या मातीशी ताडून पाहिल्या.

सिलुंबू म्हणजे आमच्या पलीकडचे म्हातारे, रेल्वेतून निवृत्त झालेले. पेरूच्या फांदीवरून त्यांचा आणि मेट्रनचा वर्षभर अबोला होता. बश्या बघून मात्र त्यांना राहवेना, ते कुंपणाला टेकले.

"अबिती, चहा करताय का मातीचा?"

"ज्याच्या मनात काही नाही त्याला माझ्या बश्यांची भीती नको वाटायला."

"मला तुमचं कुलूप बिघडवायचं असतं ना," सिलुंबू म्हणाले, "तर तुम्ही आत असताना बिघडवलं असतं. गावाला महिनाभर शांती मिळाली असती."

मला हसू आवरेना. मेट्रन हसल्या नाहीत. सिलुंबू गेल्यावर मला हळू आवाजात म्हणाल्या, "फार बोलतो. पण तो नव्हे. माती नळाखालची आहे. तेवढीच चिकट, तेवढीच काळसर."

"नळ तर तुमच्याच अंगणात आहे."

"तेच म्हणतेय मी. पाणी घरातच मुरतंय."

घरात मेट्रनशिवाय एकच माणूस होतं. मागच्या खोलीत राहणारी एस्नाट. तेवीस-चोवीस वर्षांची, कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी. लग्नानंतर चौथ्या महिन्यात, गेल्या नोव्हेंबरात, नवरा कामासाठी जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला, निघून गेलेला. खोली देताना मेट्रननी अटी माझ्यादेखत घातल्या होत्या: पाहुणे नकोत, खोलीत मासे शिजवायचे नाहीत, आणि लेकरू झालं की खोली खाली. एस्नाटने मान हलवली होती. ती एरवीही मानच हलवायची.

आता मेट्रन तिच्यावर नजर ठेवू लागल्या. ती कामावरून यायच्या वेळी बरोबर अंगण झाडायला निघायच्या. आणि संशय तापासारखा असतो, शेजारच्यालाही लागतो. मी ओसरीवर मशीनपाशी बसायचे, तिथून त्यांची मोरीमागची भिंत दिसते. एका दुपारी एस्नाट जेवायला घरी आली, इकडेतिकडे पाहिलं, मोरीमागे गेली आणि नखाने भिंत कोरायला लागली. काहीतरी तिने चितेंजेच्या टोकात बांधलं. कमरेला गुंडाळलेल्या त्या कापडाच्या टोकात आम्ही बायका सुटे पैसे बांधतो, तशी घट्ट गाठ मारली. मग तोंड पुसत खोलीत गेली.

मी मेट्रनना सांगितलं. सांगायला नको होतं, हे आज कळतं. पण खरं सांगायचं तर, माझ्या वाफ्याच्या मातीवरून त्यांची नजर एकदाची हटेल म्हणून मला बरंही वाटलं.

एस्नाट कामावर परत जायला बाहेर पडली तेव्हा मेट्रन वाटेतच उभ्या होत्या.

"हात दाखव."

तिने दाखवले. नखांत लाल माती.

"गाठ सोड."

"अबिती, त्यात काही नाही."

"काही नाही तर सोड."

तिने सोडली नाही, तेव्हा मेट्रननी स्वतः सोडली. सुपारीएवढे मातीचे चारपाच तुकडे अंगणात पडले. एका तुकड्याला आत पोकळ नळी होती. कुंभारणीचं घर, अगदी स्पष्ट. मी ते पाहिलं. तरीही गप्प राहिले, कारण मला वाटलं, हीच माती भिजवून ही कुलपात भरत असेल.

"मी तुझं काय वाईट केलं?" मेट्रननी विचारलं. "कोणी सांगितलं तुला हे करायला? सिलुंबूने? नवऱ्याकडच्यांनी?"

"मी तुमच्या कुलपाला हात लावलेला नाही."

"मग ही माती कशाला?"

एस्नाटने ओठ मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सव्वीस वर्षांत मेट्रननी अशा शेकडो मिटलेल्या ओठांना तोंड दिलं होतं, आणि त्यांच्या लेखी मिटलेले ओठ म्हणजे कबुली.

"शनिवारी खोली खाली कर."

शनिवारी सायकल-टॅक्सीवर गादी बांधून ती जालीला, मावशीकडे गेली. जाताना माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलेलं तिला कळलं होतं.

बुधवारी कोठीचं भोक पुन्हा बुजलं.

मेट्रन मला बोलवायला आल्या त्या आवाज न चढवता. "तमांदा, जरा येतेस?" माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्रश्नासारखं विचारलं. त्यांनी भोक साफ केलं, दारापासून चार हातांवर दोन स्टुलं मांडली, चहाचा थर्मास ठेवला. आम्ही बसलो. ऊन चांगलं वर आलं. नळ टपटप गळत होता, खाली चिखल झाला होता.

चिखलावर एक माशी उतरली. काळी, कमरेला दोऱ्याएवढी बारीक, पाय पिवळे. डोकं खाली करून, पंख थरथरवत तिने चिखलाची गोळी वळली, ती घेऊन सरळ आमच्या मधून उडाली आणि किल्लीच्या भोकात शिरली. आतून बारीक गुणगुण ऐकू आली. ती बाहेर आली, पुन्हा नळाकडे. नऊ फेऱ्या मी मोजल्या. मग मोजणं सोडलं.

मेट्रनचा चहा तसाच राहिला. "तू पहिल्याच दिवशी म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या.

"पण नंतर मीही ते सोडून दिलं."

त्या उठून मोरीमागे गेल्या. मीही गेले. भिंतीवर वीस घरांपैकी आठदहाच उरली होती. बाकीच्यांचे नुसते डाग, नखाने नीट कोरलेले. उरलेल्यांपैकी तीन एस्नाट गेल्यावर फुटून रिकामी झालेली, बाकीची बंद होती, आत पिल्लं असलेली. त्याआधी जी फोडून माशी उडून गेली होती तेवढीच रिकामी घरं कोणीतरी निवडून काढली होती. मेट्रननी भिंतीला चिकटलेला एक कण काढला, हुंगला आणि जिभेवर ठेवला.

त्या भिंतीला हात टेकून उभ्या होत्या.

"पोटुशी आहे ती," त्या म्हणाल्या. "अगं, पोटुशी आहे! दिवस राहिले की बायका हीच माती खातात. वसतिगृहात मी मुली अशाच पकडायचे. मोरीच्या भिंतीला नखांचे ओरखडे दिसले की रांगेत उभं करून जिभा बघायचे. सात मुली घरी पाठवल्या मी, त्याच दिवशी, ट्रंकेसकट. मला हे सगळ्यांत आधी दिसायला हवं होतं. आणि मला काय दिसलं? कुलूप."

त्या सात जणींतली एक माझ्या शेजारच्या पलंगावर झोपायची. मेट्रनना ते आठवत असावं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जालीला गेलो. मेट्रननी कागदात कुंभारणीची तीन रिकामी घरं बांधून घेतली होती. मिनीबसमध्ये तो पुडा त्यांनी अंड्यांसारखा मांडीवर धरला. एस्नाट मावशीच्या अंगणात मका सोलत होती. आम्हाला बघून ती उठली, पण बसा म्हणाली नाही.

"काय राहिलं? गादी तपासायची राहिली का?"

"मी चुकले," मेट्रन म्हणाल्या. एवढंच. पुढचं वाक्य त्यांना येत नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. त्यांनी पुडा पुढे केला.

एस्नाटने तो उघडला, आत पाहिलं आणि तिचा चेहरा आणखी आक्रसला. "यात काय घातलंय?"

"काही नाही. भिंतीवरचीच आहेत."

"अबिती, काल माझ्यावर आळ घेणारं माणूस आज खाऊ आणतं. मी का खावं?"

मेट्रननी एक तुकडा मोडला, तिच्यासमोर तोंडात टाकला आणि चावला. दाताखाली खडे कचकचले. सत्तरीच्या त्या बाईचे हिरड्यांतले चार दात त्यात जातात की काय, असं मला वाटलं. मावशी आतून बघत होती, ती फस्सकन हसली. एस्नाट हसली नाही, पण तिने पुडा परत दिला नाही.

"दवाखान्यात गेलीस का?" मेट्रननी विचारलं. "मातीची भूक म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळ्या देतील. त्या घे आणि ही माती कमी कर."

"आधी खोलीतून काढायचं आणि मग गोळ्या सांगायच्या?"

"हो," मेट्रन म्हणाल्या. "तसंच झालंय खरं."

"तुम्हाला आधीच सांगितलं असतं, तर तुम्ही तरीही काढलीच असती."

यावर मेट्रन खोटं बोलल्या नाहीत. "काढली असती," त्या म्हणाल्या. "आता नाही काढणार."

ती त्या दिवशी आली नाही. तीन आठवड्यांनी आली, आणि तीही माफ केलं म्हणून नाही. मावशीच्या दोन खोल्यांत आठ माणसं होती आणि दुकान तिथून लांब पडत होतं. तिने आल्या आल्या अटी सांगितल्या. मासे खोलीतच शिजतील. लेकरू खोलीतच राहील. आणि मेट्रननी तिच्या दाराची दुसरी किल्ली तिच्या हवाली करायची. मेट्रननी जुडग्यातून किल्ली काढून दिली. ती काढताना त्यांची बोटं अडखळली, हे मी पाहिलं.

कुंभारणींचं म्हणाल तर मेट्रनना पहिल्यांदा सगळीकडे रॉकेल ओतायचं होतं. सिलुंबू आडवे आले. "भिंतीवरच्यांना का मारता? त्या कोणाला चावत नाहीत, कोळी मात्र संपवतात." त्यांनी नळाला नवा वायसर बसवला, गळती थांबली, चिखल वाळला. सार्डिनच्या डब्याचा पत्रा कापून प्रत्येक भोकावर एका खिळ्याने झुलती झाकणी लावली. त्यानंतर एक माशी मेट्रनच्या रेडिओच्या मागच्या भोकात शिरली, पण तेवढंच. पेरूच्या फांदीबद्दल दोघंही अजून बोलत नाहीत.

जुलैत एस्नाटला मुलगी झाली. नाव शकीरा. दीड महिना एस्नाटने मेट्रनना लेकरू दिलं नाही. मेट्रनही मागत नव्हत्या. अंगणातून जाताना फक्त चाल मंद व्हायची. एका दुपारी एस्नाटला धुणं वाळत घालायचं होतं आणि लेकरू खाली ठेवायला जागा नव्हती. मी मशीन थांबवून बघत होते.

"धरा," ती मेट्रनना म्हणाली. "पण इथेच उभ्या राहून. माझ्या डोळ्यांसमोर."

मेट्रन हात पुसून उभ्या राहिल्या, आणि धुणं संपेपर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत.