बाईंच्या खुणेचे मासे

१९९६ साल. मी चौपन्न वर्षांचा होतो. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत, तीही मधेच सोडलेली. पण हे सगळं मी माझ्या हातानं लिहून राह्यलो. नात म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, न्हाई. तू लिहिशील ते तुझं होईल.

आमच्या गावाला यायचं तर वडीगोद्रीला एसटीतून उतरून आत चालत यावं लागतं. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. बापाच्या वेळेला थोडी जमीन झाली, आणि तिच्यातली खालची पट्टी दुष्काळी कामात बांधलेल्या तळ्याखाली गेली. भावकी रडत बसली. मी म्हटलं, रान पाण्याखाली गेलं ना, मंग आता पाण्यातून काढू. जाळं विणायला शिकलो, ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून तराफा केला. आधी गाव हसलं. मंग हळूहळू सगळी भावकी माझ्यामागं पाण्यात उतरली. त्यामुळं तळं माझं, असं मी चारचौघांत म्हणायचो आणि कोणी न्हाई म्हणायचं न्हाई.

त्या साली तळ्याच्या वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा कारखाना व्हायचं ठरलं. कारखान्याला त्याचं धुण्याचं घाण पाणी ओढ्यातून आमच्या तळ्यात सोडायचं होतं. वरून हुकूम आला, आधी तळ्यात काय जगतं ते तपासा. मासळी भरपूर असली तर पाणी सोडायचं न्हाई. तळं ओसाड निघालं तर खुशाल सोडा. हे तपासायला पुण्याच्या कंपनीच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, मासे आणि पाणथळ जागा यांच्यातल्या मोठ्या शास्त्रज्ञ आहेत, जरा नीट बोला.

मी नीटच बोललो. विचारलं, "बाई, तुमचा पगार कोण देतं?"

"कंपनी."

"आन् कंपनीला कोण देतं?"

"कारखाना."

"मंग झालं की. मासे न्हाईत म्हणून लिहून टाका आन् जल्दी घरी जा. उन्हात कशाला फिरता?"

बाई बुटातलं पाणी ओतत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मामा, पैसे कारखान्याचे आहेत, मासे तळ्याचे आहेत. असतील तर आहेत लिहीन. नसतील तर नाहीत लिहीन, तुम्हाला कितीही राग आला तरी."

"नसतील म्हंजे?"

"म्हणजे नसतील."

मला राग आलाच. पण माणूस सरळ आहे हेही कळलं, आणि त्यांचा तराफा मीच वल्हवणार म्हणून सांगून टाकलं.

त्या महिन्यात मला जी मजा आली तशी तरुणपणीही आली नव्हती. उजाडायच्या आत बाई पाणकणसांच्या आडोशाला दुर्बीण लावून बसायच्या आणि ओठातल्या ओठात पाखरं मोजायच्या. मी खोकलो की हात वर करायच्या. मंग बाटल्यांत पाणी भरायच्या, वेगवेगळ्या खोलीचं. मंग तळाचा गाळ काढून चाळणीत धुवायच्या आणि त्यातली लाल अळी चिमट्यानं उचलून मला दाखवायच्या. "बघा मामा, काय सुंदर आहे."

घरी येऊन मी कारभारणीला म्हटलं, "ती बाई अळी बघून खूश होती."

कारभारीण म्हणाली, "तुम्ही मरळ मासा बघून होता तसंच ना? तिला अळी सापडती तरी रोज."

मंग एक दिवस बाईंनी जाळी लावायला सांगितली. बारीक आसाची म्हंजे लहान भोकांची, मोठ्या आसाची, सगळी. रोहू, कटला, मरळ, बरीच मासळी आली. बाईंनी एकेक मासा फळीवर ठेवून मापला, काट्यावर तोलला, कात्रीनं त्याच्या पोटाखालचा डावा पंख नखाएवढा कापला आणि मासा पाण्यात सोडून दिला. एकेक करत सगळेच सोडले. माझे हात शिवशिवत होते.

"धरलेला मासा सोडायचा, हे कोणत्या शाळेत शिकवतात?"

बाई म्हणाल्या, घरी चला, दाखवते. आमच्या ओसरीत बसून त्यांनी कारभारणीकडून सूपभर ज्वारी मागितली. तीत मूठभर तुरी टाकल्या, चांगलं कालवलं आणि मला म्हणाल्या, घ्या एक मूठ. माझ्या मुठीत ज्वारी भरपूर आणि तुरीचे एकदोनच दाणे आले.

"म्हणजे सुपात ज्वारी पुष्कळ आहे," बाई म्हणाल्या. "तेवढ्याच तुरी वाटीभर ज्वारीत टाकल्या असत्या तर मुठीत तुरीच तुरी आल्या असत्या. पंख कापलेले मासे म्हणजे तुरी. महिन्यानं मी परत जाळी लावणार. कापलेले थोडे आले तर तळ्यात मासळी भरपूर. कापलेलेच जास्त आले तर मासळी कमी."

"बिलकुल बराबर," मी म्हटलं. आणि मला ते खरंच पटलं होतं. पण मासळीचा हिशेब वेगळा आणि जनावराची मालकी वेगळी.

बाई पुण्याला गेल्या आणि गावात दुसरीच चर्चा सुरू झाली. आमच्यात मेंढराच्या कानाला चिरा देऊन खूण करतात, प्रत्येक घराची वेगळी. दुसऱ्याच्या खुणेचं मेंढरू आपल्या कळपात आलं तर ते विकायचं न्हाई, कापायचं न्हाई, सांभाळून ज्याचं त्याला द्यायचं. याच्यावर आमची अब्रू उभी आहे. आता बाईंच्या खुणेचे मासे आमच्या जाळ्यात येऊ लागले. माझा धाकटा भाऊ पहिलाच मासा हातात घेऊन माझ्याकडं आला.

"दादा, ह्याचं काय करू? बाईचा हाय."

आमचे चुलते ऐंशीच्या पुढचे. खुणेचा तंटा झाला की निवाडा तेच करायचे. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी मासा उलटा करून कापलेला पंख अंगठ्यानं चाचपला.

"ताजी चीर हाय," म्हणाले. "बाईला परत द्यायचा."

"बाई महिन्यानं येणार, काका."

"मंग कोंडवाडा करा."

आम्ही उथळ पाण्यात बांबू रोवून, भोवती जाळं लावून बाईंच्या माशांसाठी कोंडवाडा केला. ज्याच्या जाळ्यात खुणेचा मासा येईल त्यानं तो तिथं आणून सोडायचा. आपले मासे नेहमीसारखे अंबडच्या बाजाराला. कोणी म्हणून कोणी बाईंचा मासा खाल्ला न्हाई. कारभारीण रोज त्यांना कोंडा टाकायची. गावात एकच वाद पेटला होता, की खुणेच्या मादीनं अंडी घातली तर पिल्लं बाईंची का गावाची. मेंढराचं कोकरू मालकाचं, हा कायदा. पण माशाचा बाप कोण ते कसं ठरवणार? काका त्याच्यावर दोन संध्याकाळी विचार करून राह्यले आणि शेवटी म्हणाले, बाईलाच विचारू.

बाई यायच्या आदल्या दिवशी, त्या जिथं जाळी लावतात बरोबर तिथंच, आम्ही कोंडवाडा उघडला. पाहुण्याला त्याची वस्तू शोधायचा त्रास कशाला?

सकाळी जाळी ओढली. पहिला मासा खुणेचा. दुसरा खुणेचा. तिसरा बिनखुणेचा, मंग परत खुणेचेच. माझी छाती फुगत चालली. गावानं एवढ्या दिवसांत बाईचं एक जनावर इकडचं तिकडं होऊ दिलं न्हाई. मी बाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. शेवटचा मासा सोडून त्या फळीवर बसून राहिल्या.

"मामा, वाईट वाटतंय सांगायला. तळ्यात मासळी फार थोडी आहे."

"काय?"

"तुरीच तुरी आल्या. सूप नाही, वाटीच आहे."

"बाई, ह्या तळ्यात मी रोज जाळं टाकतो. थोडी कशी असंल?"

"मी रोज बघायला नसते. जे जाळ्यात आलं तेच मला लिहावं लागेल."

"मंग लिहा आन् सोडा घाण पाणी. तुमच्या मालकाचं काम झालं."

"मामा, असं बोलू नका."

"मी असाच बोलतो."

तराफ्यावर आम्ही दोघं, काठ लांब. मी वल्हं आपटत तराफा काठाला आणला. तळं जाणार, हे मला पहिल्यांदाच खरं वाटलं.

काठावर भाऊ बादली घेऊन उभा होता. हसत म्हणाला, "बाई, एक तुमचा राह्यला होता. काल कोंडवाड्यात बांबूमागं दडून बसल्ता. घ्या."

बाईंनी बादलीत बघितलं. "कोंडवाडा कसला?"

भावानं सगळं सांगितलं, कौतुकानं. कोंडा कोण टाकायचं तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा असा काही बदलत गेला की मला वाटलं आता रडतात. मंग त्या चिखलात बसल्या आणि पोट धरून हसल्या. इतक्या हसल्या की पाणकणसांतले बगळे उडाले.

"मामा, तुम्ही सगळ्या तुरी वेचून माझ्या मुठीत ठेवल्या की हो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात ओसरीतलं सूप आणि तळं एकत्र आलं. पण चूक म्हणायला मी तेव्हा तयार नव्हतो, आजही न्हाई. "दुसऱ्याची खूण आम्ही विकत न्हाई," मी म्हटलं.

"मला परत मोजावं लागेल. ह्या वेळी उजवा पंख कापते. पण जो मासा जाळ्यात येईल तो गावानं नेहमीसारखाच न्यायचा, खुणेचा असो नसो. किती गेले ते फक्त मला सांगायचं."

"जमणार न्हाई. तुमचा हाय तवर कोणी हात लावणार न्हाई."

"मग मी दिला तुम्हाला."

"असं तोंडानं देता येत न्हाई, बाई."

संध्याकाळी गाव तळ्यावर जमलं. खूण सोडायची आमची रीत अशी, की मालकानं चारचौघांत जनावराचा कान धरून तो घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. माशाला कान कुठला? काका म्हणाले, कापलेला पंख चालंल. बाईंनी बादलीतला रोहू दोन्ही हातांनी धरला, काकांपुढं केला आणि म्हणाल्या, "माझ्या खुणेचे सगळे मासे, आत्ताचे आणि पुढचे, आजपासून गावाचे."

"आन् पिल्लं?" काकांनी विचारलं.

"पिल्लंही."

तेवढ्यात रोहूनं उसळी मारली आणि तो काकांच्या धोतराच्या ओच्यात गेला. ऐंशीच्या पुढचा माणूस बकऱ्यासारखा उड्या मारायला लागला. बाया तोंडाला पदर लावून बाजूला पळाल्या. तो मासा त्याच रात्री काकांच्या घरी शिजला आणि बाईंनी तिथंच भाकरीशी खाल्ला.

दुसऱ्या खेपेला बाईंनी उजवे पंख कापले, गावानं कशालाच हात राखला न्हाई, आणि महिन्यानं जाळी ओढली तेव्हा सगळी ज्वारीच ज्वारी. मधूनच एखादी तूर. बाई एकेक बिनखुणेचा मासा उचलून मला दाखवत होत्या आणि मी दर वेळेला म्हणत होतो, "दिसला, दिसला, पुढं चला."

अहवालाच्या दिवशी कारखान्याचे लोक गाडीतून आले. मारुतीच्या पारावर बाईंनी उभं राहून वाचलं, पाखरं, पाणकणसं, अळ्या आणि मासे. शेवटी सांगितलं की हे पाणी ह्या तळ्यात सोडता येणार नाही. कारखान्याचा साहेब म्हणाला, "म्याडम, खर्चा आमचा आणि बाजू गावाची?" बाई म्हणाल्या, "बाजू नाही, मोजणी आहे. परत मोजायची असेल तर मामांचा तराफा मिळेल." साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मिळंल, पण खुणेचे मासे आमचे." कारखान्यानं मंग घाण पाण्यासाठी त्याच्या त्याच्या बरड रानात टाकी खांदायचं कबूल केलं.

बाई त्याच दिवशी निघून गेल्या. त्या रात्री गावात कोणी लवकर झोपलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तराफा काढला आणि पहिल्यांदाच कारभारणीला वर बसवलं. ती भिऊन माझ्या धोतराचा सोगा धरून होती आणि मी हळू वल्हवत न्हाई म्हणून मला शिव्या देत होती. ओढ्याच्या तोंडाशी, जिथून ते पाणी येणार होतं तिथं, मी जाळं टाकलं. रिकामं आलं. ती हसली. मी जाळं झटकलं आणि परत टाकलं.