एकगठ्ठा तांडा

आमच्या तांड्याची मतं कधी फुटली नाहीत, याचा पुरुषांना फार अभिमान. जिल्हा परिषदेची निवडणूक आली की नायक सगळ्यांना देवळासमोर बसवायचा, एक नाव घ्यायचा आणि नारळ फोडायचा. नारळ फुटला की मत ठरलं. माझा सासरा नायक होता तेव्हा हेच, आता दिराचा मुलगा नायक आहे तरी हेच.

याचं फळ काय मिळालं ते सांगते. जिल्हा परिषदेच्या आमच्या गटातलं मोठं गाव नाल्यापलीकडे. सदस्य कायम तिथलाच. आधी बाप, मग एकदा त्याचा विरोधक, मग मुलगा. निवडून आलेला म्हणायचा, तांडा आपलाच आहे, त्यांचं मागून बघू. पडलेला म्हणायचा, तांड्यानं मला काय दिलं? ज्या गावांत मतं अर्धी इकडे, अर्धी तिकडे, तिथे दोघंही धावत जायचे. तिथे पूल झाले. आम्ही इमानदार, म्हणून आमचा नाला तसाच.

तांड्यातली शाळा चौथीपर्यंत, पुढची पलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की मुलगे सायकलनं लांबून फिरून जातात. मुली घरी राहतात, मग निंदायला, मग कापूस वेचायला लागतात. मी तशीच लागले. माझी नात चौथीत होती आणि तिच्या बापानं आधीच सांगून ठेवलं होतं, पुढे पाठवणार नाही.

त्यातच निवडणूक लागली. मधली काही वर्षं ती झालीच नव्हती, शिव्या द्यायलाही सदस्य नव्हता. जागा बाईसाठी राखीव निघाली, म्हणून मागच्या सदस्यानं बायकोला उभं केलं. ती गाडीतून उतरली, हात जोडले, परत गाडीत बसली. भाषण नवऱ्यानं केलं. पूल झालाच समजा, म्हणाला. त्याचा बापही हेच म्हणायचा.

देवळासमोर नायकानं त्या बाईचंच नाव घेतलं. मी उठले. माझं मत या नारळात धरू नको, म्हटलं.

"काकी, तांड्याची इज्जत जाईन."

"तुह्या इज्जतीवरून पोरीले नाला ओलांडता येते काय?"

मागे बसलेल्या बायका पदरात हसल्या. नारळ फुटला, पण मतदानाच्या दिवशी त्या बायकांनी मनाचं बटण दाबलं.

बाई निवडून आली, पण जेमतेम. आमच्या मशीनमधली मतं फुटलेली निघाली. मग कधी झालं नव्हतं ते झालं. निकालानंतर तिचा नवरा तांड्यात आला. पुलासाठी नाही, मतं कोणी फोडली ते विचारायला.

मीच, म्हटलं. पूल होईस्तोवर फोडतच राहीन.

"आजी, तुमी तं आमच्या घरच्याच."

"घरच्याले इतके वर्ष पान्यात उभं ठेवते काय कोनी?"

थोड्या दिवसांनी टेप घेतलेली माणसं आली, नाला मोजला, चुन्याच्या रेघा मारून गेली. पहिल्याच पाण्यात रेघा गेल्या. नातीचं नाव मात्र मी स्वतः पलीकडे जाऊन पाचवीत घातलं. मुलगा माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

नाल्याला गुडघाभर पाणी असलं की मी सकाळी नायकाच्या दारात जाऊन उभी राहते. तांड्याची इज्जत त्याच्याकडे आहे ना, मग तांड्याची पोरगीही त्यानंच न्यावी. तो पँट वर दुमडतो, तिला खांद्यावर घेतो आणि पलीकडच्या काठाला लागेपर्यंत सदस्याच्या नवऱ्याला शिव्या देतो.