'लोखर'ची चूक

आमच्या कॉलेजसमोर एका टायपिस्टचं दुकान आहे. विट्यातल्या निम्म्या प्राध्यापकांचे शोधनिबंध त्याच्या बोटांखालून जातात. चष्मा कपाळावर चढवून तो मजकूर पुटपुटत वाचतो आणि परिच्छेद संपला की स्वतःलाच सांगतो, "हां, फुडं." बरं-वाईट कधी बोलत नाही. "आपलं काम बोटांचं, सर," एवढंच.

गेल्या महिन्यात मेंढपाळ कुटुंबांवरचा माझा लेख पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. संशोधन नियतकालिकाच्या नमुन्यात बसवायचा होता. वाचता वाचता तो थांबला. 'फुडं' काही आलं नाही.

"सर, इथं 'लोकर'चं 'लोखर' झालंय."

"मग दुरुस्त करा की."

"करतो. पर ही चूक तुमची न्हाई, माझी हाय. तुमच्या हाताखाली त्या पोरीनं मेंढपाळांवर प्रबंध केला न्हवं का, तो टायपताना माझ्याच बोटानं झालेली."

उन्हातान्हात मेंढरांमागं फिरली ती. मी तिच्या प्रबंधातली पानंच्या पानं उचलली होती आणि वर नाव माझ्या एकट्याचं घातलं होतं.

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. आवाज चढवला नाही. "नुसती चूक काढू, सर, का तिचं नाव घालू?"

"घाला," मी म्हणालो. "आधी तिचं, मग माझं."

पुरं नाव सांगायला गेलो, तर तिच्या वडिलांचं नाव मला आठवेना. तोवर त्यानं तिचं पुरं नाव टाइप केलंही होतं.

"हां," तो म्हणाला, "फुडं."