होडीचा दुसरा साचा

सुप्याला आमच्या कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या होतात. मुलाच्या आजारपणात मी पुण्यातली नोकरी सोडली होती. तो बरा होऊन शाळेत जायला लागला तोवर माझी पदवी लोकांना शिळी वाटू लागली होती. मुलाखतीला गेले की पहिला प्रश्न ठरलेला : "मधली वर्षं काय केलंत?" कारखान्याच्या मालकांनी, त्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो, तो प्रश्न विचारलाच नाही. मुलगा आता कसा आहे ते विचारलं आणि टाक्यांची ड्रॉइंगं माझ्यासमोर सरकवली.

मुळा धरणाकाठच्या एका गावातल्या बायकांच्या गटाने भाईंकडे होडी मागितली. त्यांचे गोठे पाण्याच्या पलीकडे, आणि रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. भाईंनी सहलीच्या एका होडीवरून साचा उतरवला आणि होडी करून दिली. ती गळत नव्हती, डगमगत नव्हती. तरी थोड्याच दिवसांत गटाच्या ताई कारखान्यात आल्या.

"व्हडी चांगली हाय भाई, पन दुधाचे कॅन भरले की लई जड जाती. मागनं कुनीतरी धरल्यावानी."

भाई माझ्याकडे वळले. "ताई, कॉम्प्युटरवर कळेल काही?"

पुण्यात मी पंपातल्या पाण्याचा प्रवाह सॉफ्टवेअरवर तपासायची. होडी कधीच केली नव्हती. तरी हो म्हटलं. सॉफ्टवेअर पाण्याचे बारीक बारीक तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याचा वेग, दाब मोजत जातं. त्या सगळ्याची बेरीज म्हणजे पाणी होडीला किती अडवतं ते. माझ्या पहिल्या उत्तरात पाणी होडीला अडवण्याऐवजी पुढे ढकलत होतं! रडकुंडीला येऊन मी पुण्याच्या जुन्या साहेबांना फोन केला. इतक्या वर्षांत मी त्यांना साधा दिवाळीचा निरोपही पाठवला नव्हता.

ते मनापासून हसले. "अगं, मग वल्ही कशाला हवीत? पाणी आणि हवा जिथे भेटतात, तिथले तुकडे फार मोठे ठेवलेस. बारीक कर."

त्यानंतर आठवडाभर ते रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी बोलत राहिले.

उत्तर ताळ्यावर आलं, पण होडी काही जड दिसेना. मग लक्षात आलं, मी ती रिकामीच चालवत होते. गावात फोन करून कोण कुठे बसतं, कॅन कुठे ठेवतात ते विचारून घेतलं आणि तेवढं वजन घातलं. होडीचं सपाट मागचं टोक पाण्यात बुडालं आणि त्यामागे मोठा भोवरा दिसू लागला. स्क्रीनवरच होडीचा तळ मागच्या बाजूला हळूहळू वर उचलला, कॅनची जागा मध्यावर घेतली, तेव्हा अडथळा बराच कमी झाला.

म्हणजे साचा नवा करायला हवा होता. भाईंना स्क्रीनवर दोन्ही चित्रं दाखवली.

"भाई, माझं चुकूही शकतं."

"शकतं ना. साचा आपण परत करू. त्यांना मात्र रोज वल्हवायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुना साचा स्वतः कापायला घेतला. मी कटरच्या आवाजात उभी होते. अंगावर धूळ उडत होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या शब्दावर कुणी काही मोडलं नव्हतं, की उभारलंही नव्हतं.

नवी होडी तयार झाली तेव्हा आम्ही धरणावर दोन्ही होड्यांत सारखंच वजन भरलं आणि पाळीपाळीने मोटारबोटीमागे बांधल्या. ओढायला किती जोर लागतो ते कळावं म्हणून दोरात लटकता वजनकाटा अडकवला होता. नव्या होडीचा आकडा माझ्या हिशेबापेक्षा थोडा जास्त आला, पण जुन्या होडीपेक्षा पुष्कळ कमी. भाईंनी तो दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी काठावरूनच साहेबांना फोन लावला.

"वाऱ्याचा आवाज येतोय," ते म्हणाले. "पाण्यावर आहेस का?"

तेवढ्यात गटाच्या ताईंनी मला हाताला धरून होडीत ओढलं. "बसा हितं. आता जरा तुमी वल्हवा."

मला येत नव्हतं. होडी गोल फिरली, काठावरच्या बाया हसून लोटपोट झाल्या, आणि फोनवर साहेब "काय झालं? काय झालं?" विचारत राहिले.