अण्णारावांचा पहिला सूचक

अण्णाराव येरगीकरांनी आयुष्यात एकच पद भूषवलं. अनुमोदकाचं. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, पण ती झाली नोकरी. कामगार संघटनेची बैठक असो, गणेश मंडळाची असो, नाहीतर शोकसभेतला ठराव असो, कुणीतरी उठून सुचवायचं, 'अमक्यांना अध्यक्ष करावं', आणि सगळे मागे वळून अण्णारावांकडे बघायचे. अण्णाराव अर्धवट उठायचे, 'अनुमोदन हाय' म्हणायचे आणि बसायचे. पूर्ण उभं राहायची वेळ कधी आलीच नाही. त्यांचं स्वतःचं नाव बिलोलीत कुणी कधी कशासाठीच सुचवलं नव्हतं.

बायको केवळाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी साक्षी लातूरला दिलेली. मागे उरल्या दोन खोल्या आणि अण्णाराव. कुकरची शिट्टी झाली की ते 'आलो' म्हणायचे, एवढाच काय तो घरातला संवाद. ज्या माणसाने बत्तीस वर्षं 'पुढं सरका, पुढं सरका' म्हटलं, त्याच्या घरात आता पुढे सरकायला कुणी नव्हतं.

दोन हजार बावीसच्या जूनमध्ये यासेरच्या हॉटेलात त्यांनी पेपर उघडला. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लागली होती. उमेदवार भारताचा नागरिक असावा, वय पस्तिसाच्या वर असावं, लोकसभेला उभं राहण्यास पात्र असावा, सरकारी लाभाचं पद नसावं. अण्णारावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"यासेर, मी बसतो की रं ह्याच्यात."

"बसा की काका, बाकडं रिकामंच हाय."

"बाकड्यावर न्हाई. राष्ट्रपतीत बसतो म्हन्तो मी."

"मंग उभं ऱ्हावा," यासेर म्हणाला आणि दुधाला उतू जाताना धरायला पळाला.

तो विसरला. अण्णाराव विसरले नाहीत.

पेपरात पुढे लिहिलं होतं की अर्जावर पन्नास मतदार सूचक आणि पन्नास मतदार अनुमोदक लागतात. अण्णारावांनी कंडक्टरचा हिशेब केला. पन्नास म्हणजे एक गाडी, उभ्याने कुणी नाही. शंभर म्हणजे दोन फेऱ्या. मतदार म्हणजे ज्याच्याकडे कार्ड आहे तो. ग्रामपंचायतीला तसंच असतं. त्यांनी दोन कोरे ताव आखले आणि निघाले.

अनुमोदकांचा ताव आठ दिवसांत भरला. लोक चहा पाजून सही देत होते. सूचकांच्या तावावर मात्र रेघाच रेघा. जुना सहकारी भागवत म्हणाला, "आण्णा, मी हाय ना तुज्यासंगं! पर सूचक नगं. उद्या कुणी इचारलं, ह्याचं नाव कुणी काडलं, तर? अनुमोदक टाक. आदी कुणीतरी म्हनलं, मंग मी म्हनलं, येवढंच."

अण्णारावांनी त्याचं नाव अनुमोदकांत घेतलं. सगळी हयात त्यांनी याच तत्त्वावर काढली होती.

शेवटी ते लातूरला गेले. पोटची पोर तरी आपलं नाव सुचवेल. साक्षी दाळ मिलच्या मागच्या गल्लीत राहायची. तिने ताव बघितला, मग बापाकडे बघितलं.

"बाबा, ह्यांच्या ऑफिसात कळलं तर? लोक हसतील हो."

"अनुमोदक तर भरलेत पन्नास."

"तुम्ही इकडंच राहायला या ना त्यापेक्षा," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर मुलाच्या खोलीकडे गेली. त्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि दोन वर्षांनंतरची परीक्षा आधीच राहत होती. चौथ्याला जागा नव्हती. अण्णाराव जेवून पाचच्या गाडीने परतले. खिडकीची जागा मिळाली, पण शेजारचा माणूस सबंध वाटभर मोबाइलशी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी ते शहजादीभाभीकडे पायजम्याची नाडी घालून घ्यायला गेले. भाभी म्हणजे त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर अजीज याची बायको. अजीज वारला तेव्हापासून ती स्टँडमागे शिलाई मशीन चालवायची. तिने त्यांच्या काखेतली तावांची गुंडाळी बघितली.

"ते काय हाय, कंडक्टर भाऊ?"

अण्णारावांनी सांगितलं. ती हसली नाही. तिने मशीन थांबवलं.

"अन् कशापायी उभं राहून राहिलात?"

हे इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर तयार नव्हतं, म्हणून खरं तेच बाहेर पडलं.

"भाभी, राष्ट्रपतीच्या घरात तीनशे चाळीस खोल्या हायत."

"अगं आई! अन् तुमाला तर दोनच मोठ्या व्हायल्यात."

"तिथं मानसं असतात वो. दारात, जिन्यात, बागंत. कुणीतरी इचारत असंल, साहेब जेवले का म्हनून."

भाभीने दातातला दोरा तोडला. "आना हिकडं. कुठं करायची?"

"पैल्या रेघंवर. पर सूचक म्हनून हाय. तुमी नाव सुचवलं असं व्हतंय."

"मंग? सुचवते की. घाबरते काय कुनाच्या बापाला?" आणि तिने सावकाश, अक्षरावर अक्षर न चढवता, पूर्ण नाव लिहिलं.

पहिली रेघ भरल्याबरोबर गंमत झाली. 'कुणीतरी म्हनलंय' हे दिसल्यावर उरलेल्या एकोणपन्नास रेघा तीन दिवसांत भरल्या. अर्जाला जोडायची मतदार यादीची नक्कल तहसीलमधून मिळाली. कशाला हवी, हे खिडकीतल्याने विचारलं नाही. अण्णाराव नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला गेले आणि अर्ज देऊन, पोच घेऊन, छाननीच्या दिवसाची वाट बघत एका धर्मशाळेत पडून राहिले.

छाननीला संसदेत मोठी खोली होती. देशभरातून आलेले असे बरेच जण खुर्च्यांवर होते, सगळ्यांच्या मांडीवर एकेक पिशवी. अण्णारावांचं नाव पुकारलं गेलं. साहेबांनी कागद वर धरून मोठ्याने वाचलं, "प्रस्तावक, शहजादी बेगम अजीज शेख." मग चष्म्यावरून बघितलं. "ये सांसद हैं या विधायक?"

"जी नहीं. कपडे सीते हैं. बिलोली में."

दोघे-तिघे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की या निवडणुकीत मतदार म्हणजे निवडून आलेले खासदार आणि आमदार. सूचक-अनुमोदकही त्यांच्यातलेच लागतात. बाकी कोट्यवधी लोकांकडे कार्ड असलं तरी इथे चालत नाही. अर्ज नामंजूर. अण्णारावांनी मान हलवली. सवयीने त्यांच्या तोंडून 'अनुमोदन हाय' निघणार होतं, ते त्यांनी गिळलं.

बिलोलीत उतरल्यावर ते आधी मशीनकडे गेले.

"म्हनले, तुमचे सूचक मतदार न्हाईत."

"मी मतदार न्हाई?" भाभी भडकली. "कार्ड हाय माजं! दर टायमाला उनात लाइन लावते ती काय फुकट?"

त्यांनी सगळं सांगितलं. तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"माजं नाव वाचलं तरी का?"

"वाचलं. मोठ्यानं. बापाच्या घरचं सोडून समदं."

"अन् तुमचं?"

"माजं बी. त्याच्या आदी."

"मंग झालं तर," भाभी म्हणाली. "जेवले का?"

"न्हाई. भात टाकतो जाऊन," अण्णाराव म्हणाले आणि उठले. ती थांबा म्हणाली असती, पण दारात गिऱ्हाईक उभं होतं.

उरलेल्या नव्व्याण्णव जणांना निकाल सांगणं भाग होतं. अण्णारावांनी दोन्ही तावांच्या नकला काढून ठेवल्या होत्या. ते घरोघर जाऊ लागले. भागवत म्हणाला, "मला म्हाईतच व्हतं." बहुतेकांनी विचारलं, "कसली सही?" मग सुरुवातीपासून सांगावं लागे, पेपरापासून दिल्लीपर्यंत, आणि कुठेकुठे चहाही होई. भराभर केलं असतं तर चार दिवसांत उरकलं असतं. अण्णाराव दिवसाला दोनच घरं घ्यायचे, पाऊस असला तर एक. श्रावण उतरणीला लागला तेव्हा सतरा घरं शिल्लक होती, आणि ते ती फार जपून वापरत होते.