आतून पांझरा

चड्डी-बनियनच्या कंपनीत नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. 'कुठे असता?' या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की पहिला किस्सा तिथेच सुरू होतो. मी धुळ्यात 'पांझरा' बनियनच्या कंपनीत बावीस वर्षं पॅकिंग सुपरवायझर आहे, म्हणजे माझ्याकडे किती साठले असतील बघा.

नावापासूनच घ्या. आमच्या मालकांनी, नानांनी, गावच्या नदीचं नाव बनियनला दिलं. पहिल्याच दुकानदाराने नाक मुरडलं. म्हणाला, नाना, पांझरा तर उन्हाळ्यात कोरडी पडते, असलं नाव कुणी देतं का?

नाना शांतपणे म्हणाले, "तेच तर सांगतोय. लवकर वाळते."

*

माझ्या सासूबाई कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायच्या, सून टेक्स्टाइलमध्ये आहे. एका दिवाळीला कंपनीने प्रत्येकाला सजवलेला गिफ्ट बॉक्स दिला. घरी पाहुणे होते. सासूबाईंनी कौतुकाने सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आत एक डझन जेन्ट्स चड्ड्या, रंगीबेरंगी.

सासूबाईंनी झाकण परत लावलं आणि म्हणाल्या, "रंग पक्का असतो हो यांचा."

*

आमचा रमेश गोदामात गठ्ठे उचलायचा. तब्येत पैलवानाची. बॉक्सवरच्या फोटोसाठी ठरवलेला मॉडेल आलाच नाही, तेव्हा नानांनी रमेशलाच स्टुडिओत उभं केलं. वर्षभरात तो खान्देशातल्या दुकानादुकानांत पोचला, चड्डीवर, कमरेवर हात ठेवून.

साक्रीला तो मुलगी बघायला गेला तेव्हा मी मोठ्या बहिणीच्या नात्याने सोबत होते. मुलीचे वडील सारखे म्हणत होते, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. रमेश मान खाली घालून पोहे खात होता. तेवढ्यात आतून आजी आल्या, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हाऊ ते खोकावरना पोऱ्या शे."

खोक्यावरचा पोरगा म्हटल्याबरोबर रमेशला ठसका लागला. मी पर्स उचलली, म्हटलं आता निघावंच लागणार. मुलीच्या वडिलांनी मला हातानेच परत बसवलं. मग म्हणाले, "बाकीच्या पोरांची चौकशी करावी लागते. तुमचं बघून झालंय."

लग्न तिथेच ठरलं.

*

सोनगीरला हायवेलगत एका आबांच्या घराची भिंत जाहिरातीसाठी मिळाली. पेंटरने आठ फुटी माणूस रंगवला, अर्थातच फक्त चड्डीवर. आबा शेतातून परतले, भिंत बघितली आणि तडक धुळ्याला नानांसमोर येऊन बसले. घरात सुना आहेत, आणि हा असा चोवीस तास दारात उभा. पुसा, नाहीतर कपडे घाला.

पुसायला नानांचं मन होईना. पेंटर पुन्हा गेला आणि त्या माणसाला धोतर, सदरा, टोपी चढवून आला. आता चड्डी कुठे दिसेचना! नानांनी खाली दोनच शब्द लिहायला लावले: 'आतून पांझरा'.

लोक गाड्या थांबवून फोटो काढायला लागले. मग आम्ही सगळ्याच भिंतींवरच्या माणसांना कपडे घातले.

*

पुढे टीव्हीवरच्या हिरोंचे ब्रँड आले आणि आमचा माल दुकानांतून परत यायला लागला. चार मशिनं बंद ठेवावी लागली. नानांनी ठरवलं, आता लेडीज माल काढायचा. मीटिंगला दहा पुरुष आणि मी. तासभर सगळे 'ते', 'दुसरं', 'तो विभाग' असंच बोलत होते. शेवटी नाना माझ्याकडे वळले, "ताई, तुम्हीच काय ते बोला."

मी म्हटलं, निकर. दोघं जण पाणी प्यायला बाहेर गेले.

नमुने घेऊन मी साक्रीच्या आठवडे बाजारात बसले. दुपारपर्यंत एक बाई फिरकली नाही. मग डोंगराकडच्या गावातल्या एक अक्का आल्या. माल ताणून बघितला, उलटा करून बघितला आणि भर बाजारात मोठ्याने विचारलं, "आनी याले खिसा कोठे शे?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. पोलक्यातल्या पैशांचा पत्ता नवऱ्याला माहीत असतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

त्याच आठवड्यात आमच्या कटिंग मास्तरांनी खिसा बसवला, आणि बंद मशिनं पुन्हा धावायला लागली. आता बायका दुकानात वस्तूचं नाव घेतच नाहीत. "खिशाची द्या" म्हणतात.

*

खिशाची बातमी लांब गेली असावी. एका मोठ्या ब्रँडचे साहेब आमची कंपनी विकत घ्यायला आले. आम्ही सगळे धास्तावलो होतो. कंपनी त्यांची झाली की धुळ्यातलं काम बंद, असं कानावर होतं. साहेब लॅपटॉपवर नानांना आलेख दाखवत होते आणि दर दोन मिनिटांनी खुर्चीत जरा उठून बसत होते. नमुने घेऊन आलेले मास्तर कोपऱ्यातून टक लावून बघत राहिले. शेवटी अदबीने म्हणाले, "साहेब, रागावू नका. तुम्ही नव्वद घालता. तुम्हाला पंच्याण्णव लागते."

साहेब लालबुंद झाले. म्हणाले, आमच्याकडे साइज कॉम्प्युटर ठरवतो. मास्तरांनी पंच्याण्णवचं एक पाकीट टेबलावर ठेवलं.

थोड्या वेळाने साहेब हात धुवायला गेले. टेबलावर पाकीट नव्हतं. परत आले ते दोन तास जागचे हलले नाहीत. नानांनी 'विकायची नाही' म्हटलं, तेव्हासुद्धा निवांत चहा पीत होते.

पंधरा दिवसांनी त्यांचा मेल आला. दोन डझन हव्यात. घरच्या पत्त्यावर. पार्सलवर कंपनीचं नाव नको.

मी साध्या खाकी कागदात पार्सल बांधत होते. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि एवढंच विचारलं, "पंच्याण्णवच ना?"